खाणीत मुरलेलं पाणी

आष्ट्यापासून मैल-दीड मैलावर मगदुमांचा पानमळा होता. शेवरीच्या आधारानं चढलेले वेल असे दाट की भर उन्हात आत शिरलं तरी अंगाला गारवा लागायचा. मळा भाऊसो मगदुमाच्या नावावर, पण कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडलं, पान खुडायला कधी आलं, हे लोक त्याच्या बायकोलाच विचारत. आक्काताई तिचं नाव. उंच, काटक बाई. ती कडेगावकडच्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन आली होती. माहेरी उन्हाळ्यात एका घागरीसाठी ओढ्यातल्या झऱ्यापाशी तासन्‌तास बसायला लागायचं, म्हणून सासरच्या विहिरीचं तिला कायम अप्रूप. विहीर बारमाही होती, पाणी गोड. वस्तीवर येणारा-जाणारा माणूस चहा नको म्हणायचा, पाणी मागायचा.

मगदूम जैन. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, ही घरची शिस्त. आक्काताई घागरीच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं धरायची, पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायची. ते धुवण तांब्यात धरून, तांब्या दोरीनं खाली सोडून विहिरीच्या पाण्याला टेकवायचा आणि मगच कलता करायचा. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, आणि तेही न आपटता. याला घरात जिवाणी म्हणत. घाईच्या दिवसांत भाऊसो कुरकुरायचा. आक्काताई म्हणायची, "आवं, आपून त्यांच्या घरातलं पानी आणतो. त्यांना घरला पोचवायला नगं का?"

मळ्याच्या वरच्या अंगाला माळ होता. मुरूम, उघडा खडक आणि कुसळं. माथ्यावर दगडाची एक जुनी, सोडून दिलेली खाण होती. बेचाळीस साली, लढाई जोरात असताना, मुंबईच्या कुणा ठेकेदारानं त्या खाणीशेजारी पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. लष्कराच्या तंबूंच्या आणि कपड्यांच्या कापडाला तिथं खाकी रंग द्यायचे. लोकांनी त्याला नाव पाडलं खाकीखाना. पिंपांतून नारिंगी खडे यायचे, लोखंडाचा कीस यायचा, मोठ्या हौदांत कापड बुडायचं, आणि धुतलेलं पिवळं-तांबडं पाणी चर काढून त्या जुन्या खाणीत सोडलं जायचं. आसपासच्या कितीतरी घरांतले गडी तिथं कामाला लागले. ज्यांची पोरं पलटणीत होती त्यांना तर अभिमानच वाटायचा. आपल्या माळावर रंगलेलं कापड आपल्या पोराच्या अंगावर जातंय, म्हणायचे.

तिथला मुकादम लालासाहेब. गावचाच माणूस, गोड बोलणारा. भाऊसोनं पहिल्याच वर्षी त्याला विचारलं होतं, "एवढं पानी खाणीत सोडता, ते जातंय कुठं?"

"कुठं जातंय?" लालासाहेब हसला. "सांजच्याला खाण तुडुंब आसती, सकाळी बघावं तर तळ उघडा. जमीन पितीया सगळं. ओघळ न्हाई, वास न्हाई, कुणाच्या रानात थेंब न्हाई. लय गुणाची जमीन हाय आपली."

दोन वर्षं खरंच काही झालं नाही. लोक लालासाहेबाचं बोलणं विसरूनही गेले.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आक्काताईला एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. फडकं ती गाळून झाल्यावर उन्हाकडं धरायची. नजर बारीक केली की पांढऱ्या कापडावर टाचणीच्या टोकाएवढं काहीबाही वळवळताना दिसायचं. सासूनं तिला तसं बघायला शिकवलं होतं. त्या वर्षी फडकं कोरं येऊ लागलं. आधी तिला बरं वाटलं, पाणी निवळलं म्हणून. मग एके दिवशी ती काठावर बसून खाली बघत राहिली. बेडूक नव्हते. कपारीतलं कासव कधीपासून दिसलं नव्हतं, हेही तिला आठवेना. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, फक्त खोलवर त्यात पिवळसर झाक होती, हळदीचा हात बुडवून काढल्यासारखी.

पावसाळ्यानंतर पानांच्या कडा करपू लागल्या. आधी खालची पानं, मग शेंडे. भाऊसोला वाटलं वेलाला मर लागली. त्यानं पेंड घातली, माती बदलली, आणि पाणी वाढवलं. पाणी वाढवलं तसा मळा जास्तच झपाट्यानं बसत गेला. वाफ्यांच्या वरंब्यावर पांढरा खार फुटायला लागला.

मुलगा अजितकुमार सांगलीला पेढीवर कामाला होता. त्याची बायको गुणमाला सासूजवळ राहायची. अनवाणी, ओल्या वाफ्यांत उभं राहून पानं खुडायचं काम तिचंच. तिच्या पायांना भेगा होत्या, तशा सगळ्याच बायकांना असतात. पण तिच्या भेगांच्या जागी आता गोल खड्डे पडायला लागले, काठ टणक, मध्ये खोल. दुखत फार नव्हते, पण भरतही नव्हते. एरंडेल झालं, हळद झाली, आष्ट्याच्या वैद्याचा लेप झाला.

"आत्ती, पान्यात पाय घातला की लय चुरचुरतंय," ती म्हणाली. तिला दिवस गेले होते.

आक्काताईनं त्या दिवसापासून सुनेला मळ्यात जाऊ दिलं नाही. पण प्यायचं पाणी त्याच विहिरीचं होतं. पंचेचाळीसच्या सुरवातीला गुणमालाला मूल झालं, ते मेलेलंच. पाण्यानं झालं की कशानं, हे त्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. अशी मुलं त्या काळात पुष्कळ घरांत जायची. गुणमाला माहेरी गेली. परत आली ती सांगलीला नवऱ्याकडं राहायला. मळ्यावर तिनं पाऊल ठेवलं नाही, आणि आक्काताईनंही तिला कधी ये म्हटलं नाही.

भाऊसो खाकीखान्यावर गेला. लालासाहेबानं त्याला बाजूला घेतलं.

"मगदूम, डोस्कं शांत ठेवा. आमचं पानी आसतं तर आधी कुणाची हीर बिघडली आसती? कृष्णातची. ती मधी हाय, खाणीच्या जवळ हाय. तिचं पानी आजबी गोड. मग खाणीचं पानी कृष्णातच्या हिरीवरनं उडी मारून तुमच्याकडं आलं व्हय?"

भाऊसो जायला वळला.

"आनि दुसरं सांगतो," लालासाहेबाचा आवाज उतरला, "हे लढाईचं काम हाय. हितं चळवळीच्या पोरांनी तारा तोडल्यात, पोलीस पिसाळल्यात. कारखान्याविरुद्ध अर्ज केला की तुमाला त्यांच्यातलाच म्हनून उचलतील."

कृष्णात जाधव हा मगदुमांचा शेजारी. त्याची विहीर माळाच्या उतारावर, मगदुमांच्या विहिरीच्या वर. लालासाहेब म्हणाला ते खरं होतं. तिचं पाणी चांगलं होतं. त्यामुळं गावात बोललं जाऊ लागलं की मगदुमांच्या घरातच काहीतरी चुकलंय. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं विहिरीत काही पडून कुजलंय. भाऊसोनं विहीर पूर्ण उपसली. तळाला काही सापडलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यानं विहीर आणखी खोल करायचं ठरवलं. खाली नवा झरा लागला तर चांगलं पाणी येईल, अशी आशा. सुरुंग लावले, दगड वर आला. चार-पाच हात खाली गेल्यावर एक दिवस कामावरची माणसं वर येऊन नुसती बसून राहिली. आक्काताईनं विचारलं तर म्हणाली, तुमीच बघा.

बायका विहिरीत उतरत नसत. आक्काताईनं पदर खोचला आणि दोराला धरून उतरली. माळाकडच्या बाजूला, वरचा मुरूम आणि खालचा काळा कातळ जिथं भेटत होते, तिथं बोटभर रुंदीची एक फट सगळ्या भिंतीभर गेली होती. त्या फटीतून पाणी पाझरत होतं. ते पिवळंधमक होतं. पाझर जिथून उतरला होता तिथला दगड पार रंगून गेला होता. तिनं फटीला हात लावला नाही. मान वर करून तिनं माळाची दिशा बघितली, पुन्हा फटीकडं बघितलं.

वर आल्यावर ती भाऊसोला म्हणाली, "वरनं न्हाई येत, खालनं येतंय. दगडातनं वाट हाय. कृष्णातभावजींच्या हिरीआड कातळ आसंल, म्हनून तिकडं शिरत न्हाई. वळसा घालून आपल्याकडं उतरतंय."

लालासाहेबाला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं, आणि काठापासून मागं सरला. मग म्हणाला, "मी बघितलं. पन मी बघितलं असं कुठं म्हनू नका. घरात खाणारी तोंडं लय हायत."

त्यांनी ते कुठं म्हटलं नाही. आणि सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार होते?

लढाई संपली. शेहेचाळीसमध्ये खाकीखाना बंद पडला. पत्रे गेले, हौद फुटले, पिंपं लोकांनी धान्याला नेली. लालासाहेब काम शोधत मुंबईला गेला. आक्काताईनं त्या दिवशी देवळात जाऊन दिवा लावला. आता सोडणारंच कुणी नाही म्हटल्यावर एका पावसात विहीर धुऊन निघेल, असं सगळ्यांनाच वाटलं.

पाऊस चांगला झाला. श्रावणात पाणी काठाला आलं आणि आधीपेक्षा जास्त पिवळं आलं. खाकीखाना बंद झाला होता, पण चार वर्षांत जे आत मुरलं होतं ते मुरमात, मातीत, दगडाच्या भेगाभेगांत बसून होतं. वर पडलेला प्रत्येक पाऊस त्याला थोडं पुढं ढकलत होता. भाऊसोनं वेल उपटून टाकले. शेवऱ्या तोडल्या. तिथं पावसावरची ज्वारी पेरली, ती हातभर वाढून उभी राहिली. त्या वर्षी तो एकदम म्हातारा दिसायला लागला. दिवसभर विहिरीपाशी, मोटेचे बैल चालायचे त्या धावेवर बसायचा. बैल विकले होते, मोट कोरडी पडून तिचं कातडं कडक झालं होतं.

कृष्णात स्वतःहून आला. दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, उद्यापास्नं पानी आमच्या हिरीवरनं न्या. पानी काय आमच्या बापानं करून ठेवलंय?"

त्याची बायको बनुबाई. तिचे दोन्ही भाऊ लढाईत गेले होते, एक आला नाही. माणूस म्हणून ती वाईट नव्हती. आक्काताईची घागर ती डोक्यावर चढवून द्यायची, कधी ताक द्यायची. आक्काताई तिथंही पाणी गाळून घ्यायची आणि तांब्यानं जिवाणी कृष्णातच्या विहिरीत सोडायची. तिथं फडक्यावर परत काहीतरी वळवळताना दिसलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सत्तेचाळीसला कृष्णातनं उसासाठी तेलाचं इंजिन बसवलं. पंचक्रोशीतले लोक बघायला आले. मोटेला जे पाणी काढायला दिवस लागायचा ते इंजिन घटकाभरात काढायचं. विहिरीतलं पाणी दुपारपर्यंत पार तळाला जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचं. ऊस माणसाच्या वर गेला.

पुढच्याच उन्हाळ्यात बनुबाईच्या हंड्याच्या आतल्या कडेला पिवळी रेघ उमटली.

आक्काताईनं हे बनुबाईच्याही आधी ओळखलं होतं. फडकं पुन्हा कोरं येऊ लागलं होतं. ती दोन-तीनदा बोलायला गेली आणि न बोलता परत आली. मग एका सकाळी ती काठावर ओणवी होऊन तांब्या खाली सोडत असताना बनुबाई मागं येऊन उभी राहिली.

"काय सोडतीस गं त्यात?"

"जिवाणी. रोजच सोडते की."

"रोज सोडतीस." बनुबाईचा आवाज चिरकला. "तुझ्या घरचं फडकं, तुझ्या घरचा तांब्या. तुझी हीर मेली, आनि आता त्यातलं थेंबथेंब आनून आमच्यात कालवतीस! म्या डोस्क्यावर घागर दिली गं तुझ्या!"

"बनुबाई, आगं..."

"बोलू नगंस. तांब्या उचल. पुन्ना हितं पाय ठिवायचा न्हाई."

रानातली माणसं जमली. कुणी आक्काताईला हात लावला नाही, पण कुणी तिच्या बाजूनं बोललंही नाही. कृष्णात इंजिनापाशी उभा होता, तो खाली बघत राहिला. आक्काताईनं तांब्या वर ओढला. त्यात अजून धुवण होतं. ते कुठं ओतावं तिला कळेना. विहिरीत सोडता येत नव्हतं, जमिनीवर ओतावं तर जीव मरणार. ती तसाच तांब्या धरून घरी गेली. भाऊसोनं विचारलं तर म्हणाली, "आजपास्नं गावातनं पानी आणायचं."

गावची विहीर मैल-दीड मैल लांब. आक्काताईचे केस तोवर पांढरे झाले होते. ती सकाळी जायची, उन्हं चढायच्या आत परतायची, आणि वाटेत कृष्णातच्या बांधावरून जायला लागू नये म्हणून ओढ्यातून वळसा घ्यायची. "मगदुमीण आली," म्हणत गावातल्या काही बायका आपली घागर बाजूला ओढायच्या. तिथं फडकं काढलं तर पुन्हा तोच आळ येईल म्हणून ते घरीच राहायला लागलं. गावात पाणी भरायची, गाळायचं घरी येऊन. मग ती जिवाणी परत नेणार कशी? एवढ्या लांब ती उलटी जाऊ शकत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती ते पाणी परसात तुळशीच्या आळ्यात ओतू लागली, आणि ओतताना तोंड फिरवायची.

त्या पावसाळ्यात भाऊसो गेला. तापाचं निमित्त झालं. कृष्णातच्या घरून कुणी आलं नाही.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात कृष्णातचा ऊस उभ्या उभ्या पिवळा पडला. त्यानं विहीर खोल करायला घेतली, जशी भाऊसोनं घेतली होती. काम सुरू होऊन काही दिवस झाले असतील. दुपारी आक्काताई ज्वारी निवडत बसली होती. कृष्णात अंगणात आला. अंगाला मुरूम लागलेला, हातात मुंडासं. तो ओट्यावर बसला नाही, खालीच बसला.

"आक्का, तुमी हिरीत उतरला व्हता तवा पानी कुठल्या अंगानं पाझरत व्हतं?"

"माळाच्या."

"आमच्यात माळाकडनं एक थेंब न्हाई. तिकडं काळ्या दगडाची भित्ताड हाय, सुरुंगाला दाद दीना." तो थांबला. "तुमच्या अंगानं येतंय. तुमच्या हिरीकडनं."

आक्काताईच्या हातातलं सूप थांबलं. तिला वाटलं हा पुन्हा तेच बोलायला आलाय.

"आदी कधी न्हाई आलं," कृष्णात म्हणाला. "मोट व्हती तवा न्हाई आलं. इंजिन लावल्यावर आलं. रोज तळ गाठेस्तवर वढलं म्या. माझ्या हिरीतलं पानी खाली जायाचं, तुमच्यातलं वरच ऱ्हायाचं. मग तिकडलं पानी हिकडं सरकणारच की. तांब्यानं न्हाई आलं, आक्का. म्याच वढून आनलं."

आक्काताईनं सूप बाजूला ठेवलं. आत गेली आणि त्याला प्यायला पाणी आणून दिलं. गावातून आणलेलं, गाळलेलं. तो ते सगळं प्यायला.

"बनुबाईला सांगितलंत?"

"सांगितलं. रडाय लागली. यायला लाजतीया."

"नगं येऊ दे," आक्काताई म्हणाली. रिकामं भांडं उचलताना म्हणाली, "आता लगीच नगं."

इंजिन बंद केलं तरी कृष्णातची विहीर सुधारली नाही. आणि उतार तिथं संपत नव्हता. मळ्याच्या खाली, ओढ्यापलीकडं नाथाजी पाटलाची वस्ती होती, आठ-दहा घरांची. नाथाजीनं नुकतंच इंजिन मागवलं होतं. कृष्णात आणि आक्काताई दोघं चालत तिथं गेली. आक्काताई पुढं, कृष्णात चार पावलं मागं, कारण इतक्या दिवसांत त्यांच्यात बोलणं असं उरलं नव्हतं.

नाथाजी बाजेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पोरीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

"प्या," तो म्हणाला. "प्या आनि सांगा, कुठं हाय पिवळं?"

पाणी गोड होतं. आक्काताईनं कबूल केलं.

"मग?"

"आज न्हाई, दादा. पन वाटंला हाय ते. आमच्यात आलं तवा कारखाना बंद पडल्यावरबी वाढतच गेलं. तुमी इंजिन लावलं की लवकर येईल. पोरीबाळी हायत, म्हनून सांगायला आलो."

"तुमचं बुडालं म्हनून आमीबी बसून ऱ्हावं व्हय?" नाथाजी रागानं म्हणाला नाही. समजूत घालावी तसं म्हणाला. "जमिनीखालचं कुणी बघितलंय, आक्का?"

"आमी दोघांनी बघितलंय," कृष्णात म्हणाला.

नाथाजीनं मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. निघताना तिनं आक्काताईला कुंकू लावायला थांबवलं. आक्काताई विधवा झालेली तिला ठाऊक नव्हतं. मग दोघीही गोंधळल्या.

त्या वस्तीवर त्याच पावसाळ्याआधी इंजिन बसलं. आक्काताई ओढ्यावरून जाताना त्याचा आवाज ऐकायची. गुणमाला आणि अजितकुमार तिला सांगलीला चल म्हणून सांगत राहिले. ती एकदा गेलीही, पण काही दिवसांतच परत आली. नळाचं पाणी गाळून फडकं कुठं झटकायचं ते तिला उमजेना, असं ती गुणमालाला म्हणाली. पुढं बनुबाई येऊ लागली, आधी दारापर्यंत, मग आत. गावच्या विहिरीवर दोघी बरोबर जायच्या. वाटेत फारसं बोलत नसत. बनुबाई वयानं लहान, ती डोक्यावर दोन घागरी घ्यायची, आणि चढाला आक्काताईचीही कमरेवर धरायची.